कोयता म्हणजे किती माणसं?

एक कोयता म्हणजे किती माणसं? पुण्यात कुणाला असं विचारलंत तर तो आधी तुमच्या हातांकडे बघेल. अहिल्यानगर-बीडकडच्या ऊसतोड मजुरांच्या मुलखात, म्हणजे पाथर्डीत, शिरूर कासारला, धारूरला विचारा. चौथीतलं पोरगंही सांगेल, दोन. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा गडी असला किंवा नवरा गमावलेली बाई असली, तर अर्धा कोयता. मजूर पुरवणारा मुकादम बोली करतो ती पंधरा कोयत्यांची, म्हणजे तीस माणसांची. दसऱ्याच्या आधी पारावर कुणी ‘यंदा कोयत्याला काय चाललंय?’ म्हणून विचारलं तर त्याला लोहाराकडची किंमत नको असते, जोडीमागे उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, किती सुटते ते हवं असतं. आणि पोलीस ठाण्यात तक्रार येते ती अशी, की अमक्याने वीस कोयते पुरवतो म्हणून उचल घेतली आणि एकही कोयता आणला नाही. परक्या माणसाने ही बातमी वाचली तर त्याला शस्त्रांची तस्करीच वाटेल.

माझे वडील पाथर्डी तालुक्यातल्या एका शाळेत मास्तर होते. दिवाळीची सुट्टी संपली की वर्गातल्या निम्म्या पट्ट्या रिकाम्या दिसायच्या. ‘बाकीचे कुठं रे?’ असं त्यांनी विचारलं की उरलेली पोरं एका सुरात सांगायची, ‘गुर्जी, कारखान्याला गेले.’ मला वाटायचं, कारखान्याला जाणं म्हणजे भोंगा, मोठाली यंत्रं, खाकी कपडे. पुढे कळलं की साखर कारखान्याला गेलेल्यांपैकी कुणी कारखान्याच्या इमारतीत पाऊलही टाकत नाही. दिवसा ते उसाच्या फडात असतात, रात्री झोपडीत, म्हणजे कोपीत, आणि हिशेबात ते कोयते असतात. शिक्षणासाठी मी पुण्यात आलो आणि इथलाच झालो. गेल्या काही वर्षांत इथे तोच शब्द माणसं आवाज खाली घेऊन उच्चारू लागली आहेत. ‘काल रात्री मागच्या गल्लीत कोयते निघाले होते,’ असं सोसायटीचा वॉचमन सांगतो, तेव्हा त्याच्याही बोलण्यात कोयताच चालतो, कोयताच शिव्या देतो, कोयताच गाड्यांच्या काचा फोडतो. माणूस तिथेही नाही.

मला खटकतं ते हे. वस्तूच्या नावाने माणूस ओळखला जाणं भाषेला नवं नाही. पण एकाच अवजाराच्या नावाआड एकीकडे राबणारी बाई आणि दुसरीकडे वार करणारा पोरगा अशी दोघंही दडून बसतात, तेव्हा हे दडणं कुणाच्या पथ्यावर पडतं ते विचारायला हवं.

आधी अवजाराबद्दल थोडं, कारण शहरात वाढलेल्या वाचकाने कोयता पाहिला असेल तो बहुधा शहाळ्याच्या गाडीवर किंवा सीसीटीव्हीच्या चित्रीकरणात. कोकणात कमरेला दोरीने बांधलेल्या लाकडी आकडीत कोयती अडकवूनच माणूस घराबाहेर पडतो. तिने माडाच्या झावळ्या उतरवायच्या, भाताच्या राबासाठी कवळ तोडायचं, फणस फोडायचा, वाटेत आडवी आलेली वेल छाटायची. गोव्यात हाच ‘कोयतो’ होतो. शहाळेवाल्याचा कोयता जाड आणि वजनदार, कारण तिथे घावाला भार लागतो. ऊसतोडीचा पातळ आणि हलका, कारण तो दिवसातून हजारो वेळा उचलायचा असतो. बाजारच्या दिवशी घिसाडी लोहार ट्रकच्या जुन्या पाट्यातून तो घडवून देतो. भट्टी, भाता, ऐरण सगळं रस्त्याच्या कडेला, आणि घण मारायला बहुधा त्याची बायको. लाल झालेलं पातं पाण्यात बुडवलं की जो चर्रर्र आवाज येतो तो मी लहानपणी तासन्‌तास उभा राहून ऐकलेला आहे.

ऊस तोडायचा तो जमिनीलगत, अगदी बुडख्यातून. खालच्या कांड्यांत साखर जास्त असते, त्यामुळे चार बोटं वर तोडला तरी शेतकरीही ओरडतो आणि तोडणीवर देखरेख करणारा कारखान्याचा चिटबॉयही. म्हणजे प्रत्येक घावाला कंबरेत वाकणं आलं. मग वाळका पाला म्हणजे पाचट सोलायचं, शेंड्याचं वाढं छाटायचं, मोळी बांधायची, ती डोक्यावर घ्यायची आणि अरुंद फळीवरून चढून ट्रकमध्ये टाकायची. गाडी मध्यरात्री आली तर मध्यरात्री. यात कोयता चालवतो तो बहुधा नवरा. सोलणं, बांधणं, वाहणं हे बायकोच्या वाट्याला. ट्रक भरून गेल्यावर स्वयंपाक, पाणी आणि लेकरंही तिच्याच. आता नावाकडे बघा. दोघांच्या जोडीला भाषेने नाव दिलं ते नवऱ्याच्या हातातल्या वस्तूचं. तिच्या डोक्यावरच्या मोळीचं नाव या जोडीला मिळालं नाही. मोळीचा मान फक्त एका दिवशी होतो, गळीत हंगामाच्या शुभारंभाला. त्या दिवशी मंत्री आणि चेअरमन मिळून गव्हाणीत, म्हणजे ऊस यंत्रात नेणाऱ्या पट्ट्यावर, मोळी टाकतात आणि फोटो निघतो.

शब्दाचं मूळ पाहिलं तर आणखी एक गोष्ट दिसते. कन्नडात ‘कोय्’ म्हणजे कापणं, तोडणं. मल्याळममध्ये ‘कोय्त्त्’ म्हणजे पिकाची कापणी, सुगी. दक्षिणेकडच्या या भावकीत कोयता सहज बसतो. मराठीने बाकीच्या अवजारांना बरंच काही बहाल केलं: विळ्याला भोपळा मिळाला, कुऱ्हाडीच्या दांड्याला गोताचा काळ व्हायचं काम मिळालं, अंदाजपत्रकाला कात्री लागली, घरादारावरून नांगर फिरला. विळा तर निवडणूक चिन्हावर जाऊन बसला, एका कम्युनिस्ट पक्षात कणसाशेजारी आणि दुसऱ्यात हातोड्याशेजारी. कोयता मात्र कामापुरता राहिला. छपराच्या वळचणीला खोचलेला, काम निघालं की उपसायचा. नशीब फळफळलं ते थेट गुन्हेगारीच्या बातम्यांत.

२०२२ च्या डिसेंबरअखेरीस पुण्यात एका कॉलेजच्या परिसरात दोघांनी रस्त्यावर कोयते फिरवत दुकानदार आणि वाटसरूंची पळापळ केली. गस्तीवरच्या पोलिसाने त्यातल्या एकाला झडप घालून धरलं आणि त्याचं चित्रीकरण घरोघरच्या फोनवर पोचलं. असले प्रकार आधीही घडत होते. पण त्या सुमारास ‘कोयता गँग’ हे शब्द विशेषनामासारखे वापरले जाऊ लागले. पुढे २०२३ च्या जूनमध्ये सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणीच्या मागे कोयता घेऊन धावला तो एकटाच होता. नकार पचवता न आलेला एक तरुण; त्याला ना म्होरक्या, ना साथीदार. तरी लोकांच्या बोलण्यात तोही त्याच खात्यावर जमा झाला.

अशी काही एक गँग आहे का? एक म्होरक्या, एक हद्द, एक धंदा असलेली? नाही. वेगवेगळ्या वस्त्यांतली, एकमेकांची नावंही माहीत नसलेली पोरं आहेत, आणि त्यांतली बरीच वयाने इतकी लहान की त्यांना बालन्याय मंडळापुढे उभं करावं लागतं. त्यांच्यात समान गोष्ट एकच, हातातली वस्तू. आणि ती वस्तू हातात येण्याचं कारणही साधं आहे. पिस्तूल महाग पडतं, तलवार लपत नाही. कोयता स्वस्त, शर्टाखाली मावणारा, आणि मोबाइलच्या पडद्यावर उठून दिसणारा. वाढदिवसाचा केक त्याने कापायचा, ते चित्रीकरण टाकायचं, खाली टोपणनाव आणि दोन डायलॉग. या पोरांना हवी होती ती दहशतीची पाटी आपण फुकट रंगवून दिली. एखाद्या वस्तीत वर्षानुवर्षं कुणाची सावकारी चालते, कुणाचा मटका चालतो, पोरांना हाताशी कोण धरतं, पकडल्यावर जामीन कोण देतं, हे प्रश्न नावानिशी विचारावे लागतात. ‘कोयता गँग’ म्हटलं की ते विचारावे लागत नाहीत. दोषी सापडलेला असतो: दीड हाताचं लोखंड.

आणि मग लोखंडावर कारवाई होते. २०२३ च्या जानेवारीत पुणे पोलिसांनी बोहरी आळीतल्या दुकानांकडे मोर्चा वळवला, कोयते जप्त केले, आणि विक्रेत्यांनी गिऱ्हाइकाचं आधार कार्ड बघून नोंद ठेवावी असं ठरलं. त्यानंतर कधीतरी मी गावाकडच्या कुंपणासाठी कोयता घ्यायला एका दुकानात गेलो.

‘काका, कशाला हवाय?’

‘कुंपणाला. घाणेरी माजलीय सगळी.’

‘आधार दाखवा.’

त्या पोराने लांबलचक वहीत माझं नाव लिहिलं, आकडा लिहिला, मोबाइल लिहिला. मग कोयता वर्तमानपत्रात गुंडाळला, वर सुतळी बांधली आणि म्हणाला, ‘पिशवीत नीट ठेवा हं, बाहेर दिसू देऊ नका.’ मी तो घरी आणेपर्यंत चोरासारखा चाललो. गावच्या बाजारात हाच कोयता बाया टोपलीत भाजीवर आडवा टाकून घरी नेतात.

पोलिसांना हसण्याचा हेतू नाही. रात्री अकराला चौकात कोयता घेऊन उभा असलेला पोरगा घाणेरी छाटायला निघालेला नसतो, आणि त्याला पकडायला महाराष्ट्र पोलीस कायद्यातला मनाई आदेश आणि त्याच्या भंगाचं कलम १३५ आहेच. शस्त्र कायद्याने तर १९५९ मध्येच या गोष्टीचा विचार करून ठेवला आहे. निव्वळ घरगुती किंवा शेतीच्या वापरासाठी घडवलेल्या वस्तू त्या कायद्याने शस्त्राच्या व्याख्येतून वगळल्या. लाठी आणि साधी चालायची काठी ही उदाहरणंही तिथेच दिली. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं नियमांत मोडतात, पण तिथेही घरगुती, शेतकी, शास्त्रीय आणि औद्योगिक कामांसाठी बनवलेल्या पात्यांना वेगळं काढलं आहे. कायदा करणाऱ्यांना हे ठाऊक होतं की पात्याच्या लांबीवरून माणसाचा हेतू कळत नाही. कायद्याला साठ वर्षांपूर्वी उमगलं ते मथळे लिहिणाऱ्यांना उमगायला काय हरकत आहे? दुकानातल्या वहीचा उपयोगही मर्यादितच. घिसाड्याकडे वही नसते, आठवडी बाजारात नसते, आणि घरोघर वळचणीला असलेल्या कोयत्यांची नोंद ठेवायला कुणी जाणार नाही.

पण त्या वहीने माझ्या डोक्यात दुसराच किडा सोडला. शहरात एका कोयत्यामागे एका माणसाचं पूर्ण नाव, आधार क्रमांक आणि मोबाइल नोंदवायला यंत्रणेला काही आठवडे पुरले. उसाच्या पट्ट्यात एका कोयत्यामागे दोन माणसं असतात, आणि त्यांतल्या दुसरीचं नाव नोंदवायला आपल्याला पन्नास वर्षं सवड झालेली नाही.

त्यात ‘गँग’ या शब्दाची गंमत पाहा. गँगचं मराठी टोळी. साखरपट्ट्यात टोळी म्हणजे मुकादमाने आणलेला मजुरांचा जथा. तिथे टोळी उतरली, टोळी हलली, टोळी फडात गेली असं रोज बोललं जातं. इंग्रजीतही गँग हा शब्द मजुरांच्या तुकडीला लागतो, आपल्या रेल्वेतला गँगमन त्यातूनच आला. म्हणजे ‘कोयता गँग’ या शब्दांचा सरळ मराठी अर्थ होतो ऊसतोड मजुरांची टोळी. या राज्यात लाखो माणसांची खरीखुरी कोयता गँग दर साल ऑक्टोबर-नोव्हेंबरात घर सोडते आणि एप्रिलच्या आसपास परत येते. हे शब्द त्यांचे होते. आज बीडच्या एखाद्या पोराने पुण्याच्या वसतिगृहात ‘माझे आईवडील कोयत्यावर आहेत’ असं म्हणून बघावं.

ऊसतोड मजूर राज्यात नेमके किती, याचं उत्तर आठ लाखांपासून बारा लाखांपर्यंत कुठेही मिळतं. एवढी तफावत कशी? एक कारण हे की त्यांची मोजणी माणसांत होतच नाही. करार असतो कारखाना आणि वाहतूकदाराचा, वाहतूकदार आणि मुकादमाचा. मजुराच्या वाट्याला तोंडी बोली किंवा कोऱ्या कागदावरचा अंगठा येतो. उचल कोयत्याला मिळते, ५० हजारांपासून लाखाच्या पुढेही. ती फिटते टनावर, आणि टनही कोयत्याचेच. २०२४ च्या जानेवारीत तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली, टनाला २७३ रुपये होते ते ३६६ झाले. एक जोडी दिवसाला दीड-दोन टन तोडते. दोन टनांचे झाले ७३२ रुपये. कुणाचे? कोयत्याचे. बाईचे त्यातले किती, हा प्रश्न हिशेबाच्या भाषेत विचारताच येत नाही, कारण त्या भाषेत बाई हा आकडाच नाही. उचल घेताना ती बोलणीत नसते, हंगामाच्या शेवटी हिशेब होतो तेव्हा नसते. फिटली नाही तर पुढच्या वर्षी ते कर्ज फेडायला मात्र तिला जावं लागतं.

हे महाराष्ट्रापुरतं नाही. दक्षिण गुजरातेत बार्डोलीच्या बाजूला डांग, नंदुरबार, धुळ्याकडून मजूर जातात, आणि तिथेही जोडीला ‘कोयता’च म्हणतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी १९७० च्या दशकात तिथल्या ऊसतोडीचा अभ्यास केला, तेव्हाही मजुरांच्या मोजणीचं माप हेच होतं. राज्य बदललं, सहकाराचा झेंडा बदलला, माप तेच राहिलं.

अर्ध्या कोयत्याला कामही अर्धं आणि उचलही अर्धी. म्हणून गावोगाव काय होतं? हंगामाआधी पोराचं लग्न उरकून टाकायचं, म्हणजे कोयता पुरा होतो. मुलगी पंधरा-सोळाची असली तरी चालते, किंबहुना फडात नेलेल्या वयात आलेल्या पोरीची काळजी असतेच, तीही मिटते. बालविवाहाविरुद्ध आपण पथनाट्यं करतो, पोस्टर लावतो. पण ज्या हिशेबात एकटं माणूस अर्धं धरलं जातं तो हिशेब कायम ठेवून पोस्टरने काय होणार?

आणि खाडा. एक दिवस कोयता फडात आला नाही तर खाडा लागतो, ५०० रुपयांपर्यंत कापले जातात. पाळीत पोट दुखत असेल तरी खाडा, गरोदर असली तरी खाडा. बाई आजारी पडली तर नवऱ्याचंही काम अडतं, कारण सोलायला, बांधायला कुणी नाही; म्हणजे तिच्या दुखण्याने अख्खा कोयता बंद पडतो. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांच्या बातम्या बाहेर आल्या. विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. पाहणीत आलेल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. शंभरात जवळजवळ सतरा. देशभरच्या कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास होतं. या शस्त्रक्रियांमागे खासगी डॉक्टरांचा लोभ होता, सरकारी दवाखान्यांची उणीव होती, न्हाणीघर नसलेल्या कोप्या होत्या, सगळं होतं. पण अवजाराच्या नावाने बोलावल्या जाणाऱ्या बाईकडून अवजारासारखंच न थांबता चालण्याची अपेक्षा होते आणि थांबायला लावणारा अवयवच काढून टाकला जातो, यात मला नुसता योगायोग दिसत नाही.

यावर माझे एक मित्र, साखरधंद्यातलेच, चिडून म्हणाले, ‘अहो, शब्दाने काय होतं? शंभर उंबऱ्यांचं गाव म्हणतो आपण, चार औतांची शेती म्हणतो. तिथे कुठे अपमान होतो?’ मुद्दा बरोबर आहे. माणसं मोजायला आपण वस्तू वापरतो आणि त्यात बहुतेकदा जिव्हाळाच असतो. पण उंबऱ्यावरून कुणाची मजुरी ठरत नाही. उंबरा हा बोलण्याचा शब्द आहे, कोयता हे व्यवहाराचं माप आहे. ज्या मापात दोन टाकले तरी एकच मोजला जातो त्याला बाजारात खोटं माप म्हणतात, आणि वैधमापनशास्त्र खात्याचा निरीक्षक ते जप्त करतो.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे आणि तो ऊसतोड करणाऱ्या माणसांनीच घेतला आहे. ‘कोयता’ हा शब्द त्यांनी स्वतःही मिरवला. संप झाला की त्याला ‘कोयता बंद’ म्हणतात. बबनराव ढाकणे, गोपीनाथ मुंडे या ऊसतोड मजुरांच्या पुढाऱ्यांच्या काळापासून दरवाढीचे लढे याच नावाने झाले. हंगामाच्या तोंडावर कोयता म्यान झाला की चेअरमन मंडळींना चर्चेला बसावं लागतं. त्या दोन शब्दांत कोयता म्हणजे माणूस, आणि तोही ताठ उभा राहिलेला. म्हणून हा शब्दच पुसून टाका असं मी म्हणणार नाही. मजुराने स्वतःला कोयता म्हणणं आणि मुकादमाने त्याला कोयता म्हणून विकत घेणं, या दोन गोष्टी दिसायला सारख्या असल्या तरी एक नाहीत. तरी एक कबूल करायला हवं, की त्या लढ्यांतही भांडण टनाच्या दराचं होतं. दोघांचा दर वेगळा लावा, बाईच्या हाती बाईचे पैसे द्या, ही मागणी पुढारी मंडळींच्या यादीत वर कधी आली नाही. दर वाढला तो कोयत्याचा.

मग करायचं काय? भाषाशुद्धीची मोहीम नको. ‘ऊसतोड कामगार दांपत्य एकक’ असलं काहीतरी मंत्रालयातून निघेल आणि फडात कुणी ते उच्चारणार नाही. बदलायला हवं ते कागदावरचं माप. २०२१ मध्ये ग्रामसेवकांनी ऊसतोड कामगारांची नोंद करून ओळखपत्रं द्यावीत असं सरकारने ठरवलं. गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचं कल्याण महामंडळ आहे, त्यासाठी कारखान्यांकडून टनामागे १० रुपये घ्यायचं ठरलं आहे, मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाची वसतिगृहं आहेत. ही चौकट आहे. तिच्यात एक अट घाला: ज्या टोळीच्या करारात प्रत्येक मजुराचं, बाईचं आणि गड्याचं, वेगळं नाव आणि वेगळं बँक खातं नाही, तिचा ऊस कारखान्याच्या काट्यावर घेतला जाणार नाही. उचल दोघांच्या नावे निम्मी निम्मी. अर्धा कोयता हा प्रकार बंद. एक माणूस म्हणजे एक मजूर. आजारपणाचा आणि बाळंतपणाचा खाडा बेकायदा. हे अवघड नाही. गाड्यांना जीपीएस लावणारे, मोळीतल्या पाचटाची टक्केवारी काढून वजन कापणारे कारखाने तीस नावं लिहू शकत नाहीत असं कोण मानेल?

काही जण म्हणतील, आता हार्वेस्टर आले, सरकार त्यांना अनुदान देतंय, यंत्र दिवसाला शंभरेक टन तोडतं. थोडी वर्षं थांबा, कोयताच जाईल आणि प्रश्नही. यंत्र येवो, कंबर मोडणारं काम गेलं तर मी पेढे वाटीन. पण त्या यंत्राला चासी क्रमांक असतो, विमा असतो, मालकाच्या नावाची कागदपत्रं असतात, आणि ते बिघडलं तर दुरुस्तीला नेतात, खाडा लावत नाहीत. कामावरून निघालेल्या कोयत्याकडे यातलं काही नसेल. नुकसानभरपाई मागायला गेली तर बाई काय दाखवणार? ती तिथे वीस हंगाम होती याचा पुरावा कुठल्या पानावर आहे?

पुण्याच्या बाजूचं काम त्याहून सोपं. वार्ताहरांनी आणि पोलिसांच्या प्रसिद्धिपत्रकांनी ‘गँग’ला हत्याराचं नाव देणं सोडावं. आरोपी सज्ञान असेल तर त्याचं नाव छापा, अल्पवयीन असेल तर त्याला वापरणाऱ्याचं शोधा. हत्यार काय होतं ते पंचनाम्यात येतंच.

यंदाही दसरा होईल. आदल्या दिवशी खंडेनवमीला कोयते धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडले जातील, झेंडूची दोन फुलं वाहिली जातील, आणि त्यानंतर कधीतरी पहाटे ट्रकमध्ये ते भांड्यांच्या पोत्यात खोचले जातील. मुकादम टपाला टेकून डायरी काढेल आणि लिहील: पंधरा कोयते. अर्ध्या ओळीत मावतं ते. तीस नावं लिहायची म्हटली तर दोन पानं लागतील, आणि खालच्या नावांशी आल्यावर त्याला ट्रककडे वळून विचारावं लागेल, ‘ताई, तुमचं नाव काय?’